रेझ्युमेतली फट

“रेझ्युमेच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायचं काम नाही,” दादा म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. “माझी अख्खी नोकरी त्यात गेली. लोकांनी पाठवायचे, मी बघायचे. एक नजर टाकली की सांगायचो, हा ठेवा, हा टोपलीत. टोपलीत काय जातं हे ज्याला कळतं ना, त्यालाच टोपलीत काय जात नाही हे कळतं.”

समोर त्याचा धाकटा भाऊ कागद-पेन घेऊन बसला होता, पन्नाशीचा माणूस, पण पहिलीतल्या पोरासारखा ताठ. बाजूला भावाची मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. आणि टेबलाच्या टोकाला भावाची बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, एका हाताने. दुसरा हात मांडीवर असायचा. तो हल्ली थोडं थोडं काम करायला लागला होता, पण अजून मनापासून नाही. बोलण्याचंही तेच. शब्द तिच्याकडे सगळे होते, फक्त बंद राहिलेल्या नळाला पाणी यावं तसे यायचे. आधी नुसता घसा साफ, मग थेंब, मग धार.

“भाऊजी,” ती म्हणाली. सगळे थांबले. ती बोलायला लागली की थांबायचं, ही घरातली रीतच झाली होती. “तुमचा... रेझ्युमे... कोणी लिहिला होता?”

“माझा?” दादा म्हणाला. “आमच्या वेळी तसं नव्हतं.”

“मग कसं होतं, काका?” मुलीने विचारलं.

मग ते बाहेर आलं. दादाचे सासरे पाण्याच्या मीटरच्या कारखान्यात स्टोअरचे मुख्य होते. लग्नानंतर एका सकाळी त्यांनी दादाला स्कूटरवर मागे बसवलं, कारखान्यात नेलं, मॅनेजरसमोर उभं केलं आणि सांगितलं, हे आमचे जावई. दादाचा रेझ्युमे तेवढाच. फॉरमॅट जावई.

“पण वाचले किती असतील,” दादा म्हणाला.

“ते खरं,” धाकटा भाऊ म्हणाला. तो स्वभावानेच सगळ्यांना खरं म्हणायचा.

त्याला सगळी गल्ली कवळीवाला म्हणायची. एका गॅरेजच्या मागे, लोखंडी जिना चढून गेलं की दोन खोल्यांची लॅब होती, तिथे तो पोरवयापासून दातांच्या कवळ्या बनवायचा. दवाखान्यातून हिरड्यांचा प्लास्टरचा साचा यायचा. त्यावर हा मेणाचा पाया घालायचा, मेणात एकेक दात बसवायचा, आणि ती मेणाची ट्रायल परत दवाखान्यात जायची. पेशंट ती तोंडात घालून आरशात बघायचा, बायकोला दाखवायचा, ओठ फार पुढे आलाय म्हणायचा. मग बदल. पुन्हा ट्रायल. मेण आहे तोवर काहीही बदलता येतं, एकदा पक्कं झालं की संपलं. आणि पक्कं झालं की वरची कवळी आणि खालची कवळी एकाच डबीत घालून पाठवायची, कधीही वेगवेगळी नाही. एकटी वरची कवळी म्हणजे नुसतं हसू, त्याने चावता येत नाही, असं तो म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको एका सकाळी ओट्यापाशी कोसळली. अर्धं अंग गेलं, आणि बोलणं जवळजवळ सगळंच. त्याने लॅबच्या मालकाला सांगितलं, महिनाभर येत नाही. तो महिना तीन वर्षं चालला. मधेच, पहिल्या वर्षाच्या शेवटी, मालकाने लॅब बंद केली, कारण दात आता मशीन कोरायला लागलं होतं आणि मशीनला चहा लागत नव्हता.

आता बायको काठी घेऊन घरभर फिरत होती, गॅस पेटवत होती, दिवसभर एकटी राहू शकत होती. आणि आता घाई होती. मुलीला दुसऱ्या शहरात नकाशे तयार करण्याच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. घर चालावं म्हणून तिने तो एकदा पुढे ढकलला होता आणि मोबाईलच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली होती. दुसऱ्यांदा ढकलायची सोय नव्हती. “बाबाला नोकरी लागली तर मी जाते. नाही लागली तर नाही जात,” असं ती एकदा म्हणाली होती, जेवता जेवता, मीठ मागावं तशा आवाजात. त्यामुळे कोणाला वाद घालायला जागाच राहिली नव्हती.

आणि जागा निघाली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी लॅब होती, पुष्कळ शाखा असलेल्या कंपनीची. तिथे मशीनवर कवळ्या व्हायच्या. दिसायला अतिशय सुंदर व्हायच्या, फक्त कोणाच्या तोंडात बसायच्या नाहीत. म्हणून त्यांना हाताने फिनिशिंग करणारा माणूस हवा होता. तसली माणसं आता शोधूनच काढावी लागत होती.

“तर,” दादा म्हणाला, “सुरुवात तारखांनी. शेवटची नोकरी सगळ्यात वर, मग त्याच्या आधीची, मग त्याच्या आधीची. जिना उतरल्यासारखं.”

“मी एकाच ठिकाणी होतो,” कवळीवाला म्हणाला.

“मग एकच पायरी. छान, स्वच्छ.”

“काका, असं लिहिलं की फट दिसते,” मुलगी म्हणाली. “तीन वर्षं रिकामी. म्हणून अशा वेळी कौशल्यांचा फॉरमॅट घेतात. वर काय काय येतं ते लिहायचं. मेणकाम, दात बसवणं, पॉलिश, रंग जुळवणं. नोकऱ्या खाली, बारीक अक्षरात, तारखा न घालता.”

“तारखा नाहीत म्हणजे माणूस तुरुंगात होता. मी असाच विचार करायचो.”

“काका, तुम्ही किती लोकांना तुरुंगात घातलं असेल.”

“टोपलीत. तुरुंगात नाही.”

“बाबा, तू सांग. तुला काय वाटतं?”

कवळीवाल्याने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. “आधी मेणात करून बघू,” तो म्हणाला.

म्हणजे काय ते पुढच्या आठवड्यात कळलं. त्याने दादाच्या पद्धतीने एक कच्चा कागद केला, मुलीच्या पद्धतीने दुसरा केला, आणि दोन्ही ट्रायलला फिरवले. इस्त्रीवाल्याला दाखवले. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींना दाखवले. मावशींनी चष्मा लावून दोन्ही वाचले आणि विचारलं, यात तुमचा फोटो कुठे आहे, फोटोशिवाय कोणी मुलगी देत नाही. इस्त्रीवाला म्हणाला, दुसरा कागद जरा फुगलाय, कडेने घ्यायला हवा. कवळीवाल्याने हे सगळं लिहून घेतलं आणि घरी येऊन अक्षरं बारीक केली.

फटीचा प्रश्न मात्र तसाच होता. रोज संध्याकाळी दादा यायचा आणि रोज तो प्रश्न टेबलावर यायचा.

“घरात आजारपण होतं हे लिहायचंच नाही,” दादा म्हणायचा. “मालक घाबरतो. आज बायको आजारी, उद्या हा आजारी, परवा मालकच आजारी. झाकली मूठ बरी.”

“मग ती फट कशी भरायची?”

“भरायची कशाला, फट पडूच द्यायची नाही. ती लॅब बंद झाली ना? मालक गाव सोडून गेला ना? मग विचारणार कोणाला? याने नोकरी सोडली ती तीन वर्षांपूर्वी, असं न लिहिता गेल्या महिन्यात सोडली असं लिहायचं. कोणाचं काय जातं?”

“ते खोटं आहे, काका.”

“खोटं नाही, लांबवलेलं आहे. तू तारखाच गिळून टाकतेस, ते काय मग?”

“मी गिळत नाही, मी खाली नेते. फट खाली गेली की कोणाला दिसत नाही.”

“फट फटच असते.”

“फट झाकता येते.”

“फट लपवून फट जाते का?”

टेबलाच्या टोकाला घड्या घालणं थांबलं. सगळे थांबले.

“फट... फट... फट,” बायको म्हणाली. मग पाणी यायला वेळ लागला. “काय... लावलंय. ती... मी आहे.”

दादाने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

“तसं नाही गं,” तो म्हणाला. “तू म्हणजे... तू घरातली आहेस. ही कागदावरची गोष्ट आहे.”

“हो का,” ती म्हणाली. हे मात्र एका दमात आलं. आणि तिने उरलेला टॉवेल तसाच गुंडाळून ढिगावर ठेवला.

त्या दिवसानंतर फट हा शब्द घरात कोणी काढला नाही. त्याऐवजी ते म्हणायचे, ‘मधला भाग’. कवळीवाल्याला दोन्हींकडून ओढाताण सहन होईना. थोरल्या भावाचं मोडायचं तर आपलेच दात आपलेच ओठ, मुलीचं मोडायचं तर तिचा कोर्स डोळ्यासमोर. शेवटची तारीख आली तेव्हा त्याच्याकडे दोन पक्के, गुळगुळीत, चकचकीत रेझ्युमे तयार होते. एक तारखेनुसार, लांबवलेला. एक कौशल्यांनुसार, बिनतारखेचा.

“कुठला पाठवलास, बाबा?” मुलीने संध्याकाळी दुकानातून आल्यावर विचारलं.

“दोन्ही,” तो म्हणाला.

“दोन्ही म्हणजे?”

“एकाच पाकिटात. जोडी आहे ना.”

मुलगी खाली बसली. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने आधी टीव्ही बंद केला आणि पुन्हा सांगायला लावलं. जन्मभर वरचं आणि खालचं एकाच डबीत घालून पाठवणाऱ्या माणसाला, यातलं एकच पाठवायचं असतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं, ते काय सांगायचं.

आणि तरी बोलावणं आलं.

मोठ्या लॅबमध्ये काचेमागे मशीन फिरत होती आणि आत पांढऱ्या ट्रेमध्ये दात ओळीने पडत होते. शाखा सांभाळणाऱ्या बाई साठीच्या होत्या, बाहीवर प्लास्टरचे डाग, केसांत पेन्सिल. त्या स्वतः जुन्या कारागीर होत्या. मशीन आली तेव्हा त्यांना केबिन मिळाली होती आणि ती त्यांना आवडत नव्हती, त्यामुळे केबिनमध्येही त्यांनी एक काम करायचं टेबल घालून घेतलं होतं.

त्या टेबलावर त्यांनी त्याचे दोन्ही कागद ठेवले. एक वर, एक खाली. मग सवयीने, काही न बोलता, मधे निळ्या कागदाची पट्टी सरकवली. कवळीचा चावा बघताना वर-खालच्या दातांमध्ये ही पट्टी धरतात. जिथे दात टेकतात तिथे निळा ठिपका उठतो, जिथे टेकत नाहीत तिथे काही नाही.

“चावा जुळत नाही,” बाई म्हणाल्या.

कवळीवाल्याने मान खाली घातली.

“वरच्या कागदावर तुम्ही गेल्या महिन्यापर्यंत त्या गॅरेजमागच्या लॅबमध्ये कामाला आहात. खालच्या कागदावर तुम्ही कधी आणि कुठे होता याचा पत्ताच नाही. दोन वेगळी माणसं आहेत का ही?”

“एकच आहे.”

“ते बघा,” बाईंनी काचेपलीकडे बोट केलं. कोपऱ्यात पॉलिशचं जुनं मशीन होतं, हिरवा रंग उडालेलं. “ओळखता?”

ओळखत होता. त्याच्या चाकाशेजारची पट्टी त्यानेच एकदा जुन्या चपलेच्या चामड्याने बदलली होती. चामडं अजून होतं.

“ती लॅब बंद झाली तेव्हा मी ते उचललं. त्याला दोन वर्षं होतील. आता या कागदाप्रमाणे तुम्ही गेल्या महिन्यापर्यंत त्या मशीनवर रोज काम करत होता.” बाईंनी केसांतली पेन्सिल काढली. “मग मला इथे तुम्ही कधी दिसला कसे नाहीत?”

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटलं तर लपवता तरी आलं पाहिजे. कवळीवाल्याला आलं नाही. त्याने सांगून टाकलं. बायको, ओटा, महिनाभर, तीन वर्षं. सांगताना तो सारखा पॉलिशच्या मशीनकडे बघत होता.

“मग हे का नाही लिहिलं?”

“सगळे म्हणाले, ते लिहायचं नसतं.”

“सगळे म्हणजे कोण?”

“आमचे दादा. ते टोपलीत टाकायचे.”

बाईंनी पुढे विचारलं नाही. “तुमचं काम मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुटलेल्या कवळ्या जोडायला इथेच येतात. तुमच्या लॅबच्या कवळ्या आपटून तुटतात, उशाखाली चेंगरून तुटतात, एक तर कुत्र्याने चावली होती. आपोआप तुटलेली आजवर आली नाही. माझ्याकडून हो आहे.”

त्याने पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

“पण माझ्या ‘हो’ने काही होत नाही,” बाई म्हणाल्या. “कागद वरच्या ऑफिसला जातो. तिथे माणूस बघत नाही, संगणक बघतो. त्याला एकच रेझ्युमे लागतो, तारखेनुसार, आणि त्याला मधे रिकामं चालत नाही. रिकामं असेल तर त्या काळात काय केलं, कोणाकडे केलं, त्यांचं नाव, त्यांचा नंबर. ते फोन करून खात्री करतात. तेवढं भरून पाठवा. आणि नीट पाठवा. तिथून अर्ज बंद झाला की मला तो उघडता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय, दुसऱ्या एकाच्या वेळी. वर्षभर तो माणूस पुन्हा अर्जच करू शकला नाही, आणि मी ही काच पुसत बसले.”

घरी आल्यावर दादाला सगळं सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, “बघ. माझा फॉरमॅट होता म्हणून निदान बोलावलं तरी.”

त्या संध्याकाळी तिसरा रेझ्युमे लिहायला घेतला. या वेळी बायको टेबलाच्या टोकाला नव्हती, मधे होती.

“‘गृह आरोग्य व्यवस्थापक’ असं लिहू,” दादा म्हणाला. “वजन येतं.”

“नको,” बायको म्हणाली.

“मग ‘पूर्णवेळ शुश्रूषा अधिकारी’?”

“अधिकारी... कोण? हे?” ती नवऱ्याकडे बघून हसली. हसताना तिचा चेहरा एका बाजूने आधी हसायचा, दुसरी बाजू मागून यायची. “साधं... लिही.”

मुलीने साधं लिहिलं. तीन वर्षं, घरी. पत्नीला अर्धांगवायूचा झटका आल्याने तिची देखभाल. उठवणं, बसवणं, आंघोळ, भरवणं, चालवणं, बोलण्याचा सराव.

“आणि... वेणी,” बायको म्हणाली.

“वेणी कशाला रेझ्युमेत?” दादा म्हणाला.

“रोज... घातली. वाकडी.” तिने थोडा दम घेतला. “लिही. वाकडी... लिही.”

“रेझ्युमेत वाकडं काही लिहायचं नसतं गं. मी असले कागद...”

“टोपलीत,” मुलगी आणि तिची आई एकदम म्हणाल्या. आई अर्धं अक्षर मागे होती.

‘वेणी घालणं, सुरुवातीला वाकडी,’ असं लिहिलं गेलं. कवळीवाला उठून खिडकीशी गेला आणि खिडकी आधीच उघडी होती तरी ती उघडायला लागला.

मग ऑनलाइन अर्जातल्या ‘मालकाचं नाव’ या चौकटीपाशी सगळे अडले. संगणक ती चौकट रिकामी ठेवू देत नव्हता. ‘लागू नाही’ लिहिलं तर लाल व्हायचा. दादाने आपलं नाव घालून बघितलं, त्याने नंबर मागितला. दादाने नंबर दिला, त्याने दादाचा त्या काळातला हुद्दा मागितला. दादा निवृत्त होता. संगणक पुन्हा लाल झाला.

“आईचं नाव घाल,” कवळीवाला खिडकीतून म्हणाला. “तिच्याकडेच होतो ना मी.”

“बायको नवऱ्याची मालकीण,” दादा म्हणाला. “सगळ्या घरांत तेच असतं म्हणा. कागदावर पहिल्यांदा येतंय.”

आईचं नाव घातलं, आईचा नंबर घातला. चौकट हिरवी झाली. घरात तीन वर्षांत कशाचा एवढा आनंद झाला नव्हता जेवढा त्या हिरव्या चौकटीचा झाला. मुलीने त्याच दिवशी कपाटावरची बॅग खाली काढून झटकली. ‘फक्त बघतेय,’ म्हणाली, आणि बॅग परत वर ठेवली नाही.

फोन कधीही येईल असं कळवलं होतं. दादाने तालीम सुरू केली. तो शेजारच्या खोलीत जायचा, दार लावायचा, आणि आपल्या मोबाईलवरून भावाच्या बायकोला फोन लावायचा. आवाज जाड करायचा.

“हॅलो. मी वरच्या ऑफिसमधून बोलतोय. हा मनुष्य तुमच्याकडे काय काम करत होता?”

“मला... सांभाळायचं.”

“कामात कसा होता?”

“बरा.”

“नुसतं बरा नाही म्हणायचं, उत्तम म्हणायचं,” दादा दारामागून स्वतःच्या आवाजात ओरडायचा, मग पुन्हा जाड. “पगार काय देत होतात?”

“टोमणे.”

“बाबा, हिला सांग, हे विनोद तिथे चालणार नाहीत,” मुलगी म्हणायची, आणि स्वतःच हसायची.

पण बायकोने मनावर घेतलं होतं. तिने स्वतःच एक वाक्य तयार केलं. घड्या घालताना म्हणायची, काठी टेकत गॅलरीपर्यंत जाताना म्हणायची, अंथरुणावर पडल्या पडल्या छताला सांगायची. सुरुवातीला ते तुटत तुटत यायचं. मग दोन दोन शब्दांच्या जोड्या जमल्या. आठवडा सरता सरता ते जवळजवळ सलग यायला लागलं. “तीन वर्षांत हा माणूस चिडला नाही असं नाही, पण एकदाही दमून दुसऱ्या खोलीत जाऊन बसला नाही.” इतकं लांब वाक्य ती कोसळल्यापासून बोलली नव्हती. पहिल्यांदा ते पूर्ण झालं तेव्हा कवळीवाला पोळपाट धूत होता. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं आणि तोच पोळपाट पुन्हा धुतला.

“फर्स्ट क्लास,” दादा म्हणाला. “हे ऐकून पलीकडचा माणूस उठून उभा राहील.”

फोन आला तो दुपारी, सगळे घरी असताना. मुलीने सुट्टी घेतली होती, दादा तर तिथेच जेवत होता. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. बायकोने साडीचा पदर नीट केला. तिच्या ओठांत ते वाक्य आधीच तयार होतं.

“नमस्कार,” फोनमधून एका बाईचा गोड आवाज आला. “हा कॉल संदर्भ पडताळणीसाठी आहे. आपलं उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असं द्या. उत्तर बीप वाजल्यानंतर द्या.”

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पलीकडे उठून उभं राहायला माणूसच नव्हता.

“प्रश्न पहिला. ही व्यक्ती आपल्याकडे नोकरीला होती का?”

बीप वाजली.

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. तो समोर उभा होता, हात पुढे बांधून, साहेबापुढे उभं राहावं तसा. नोकरीला होता का, हा प्रश्न तिच्या कपाळावर आठ्या आणून गेला. तिचे ओठ हलले. तयार वाक्याची सुरुवात वेगळी होती, ती तिने गिळली आणि नव्या शब्दाला हाक मारली.

“माफ करा, आपलं उत्तर ऐकू आलं नाही. ही व्यक्ती आपल्याकडे नोकरीला होती का?”

बीप.

“नोक...” ती म्हणाली. “नोकरीला...”

“हो म्हण,” दादा तिच्या कानाशी वाकून म्हणाला. “नुसतं हो म्हण. हो, हो.”

“एकापेक्षा अधिक आवाज ऐकू येत आहेत,” गोड आवाज म्हणाला. “कृपया संदर्भ व्यक्तीनेच उत्तर द्यावं.”

मुलीने काकाच्या तोंडावर हात ठेवला. कवळीवाला टेबलाला वळसा घालून बायकोच्या शेजारी येऊन बसला. तिचा उजवा हात, जो अजून मनापासून काम करत नव्हता, त्याने आपल्या हातात घेतला. तो रोज सकाळी सराव करून घ्यायचा तसं त्याने स्वतःचं तोंड उघडलं आणि आवाज न करता तिला ‘हो’ करून दाखवलं. तिने त्याच्या ओठांकडे बघितलं. तिचे ओठ गोल झाले.

“ही व्यक्ती आपल्याकडे नोकरीला होती का? ही शेवटची वेळ आहे.”

बीप.

बायकोचा घसा साफ झाला. मान थोडी पुढे आली. डोळे मिटले गेले.

“आपल्या वेळेबद्दल आभारी आहोत. आपला दिवस चांगला जावो.”

फोन बंद झाला. लगेच कवळीवाल्याच्या मोबाईलवर संदेश आला. त्याच्या चष्म्यावर बोटांचे ठसे होते, म्हणून मुलीने तो वाचला. संदर्भ व्यक्तीकडून उत्तर मिळालं नाही, त्यामुळे अर्ज बंद करण्यात येत आहे, एका वर्षानंतर पुन्हा अर्ज करता येईल.

ती ‘पुन्हा अर्ज करता येईल’ इथपर्यंत आली तेव्हा आईचं ‘हो’ आलं. स्पष्ट आलं.